आधी सोडायचं, मग आवळायचं

माझी थोरली बहीण परीक्षेला बसली तेव्हा तिचे गुडघे कुरकुरायला लागले होते आणि निवृत्ती लांबून का होईना, दिसायला लागली होती. या वयात माणसं पथ्यपाणी सांभाळतात. ताई मुलांची खेळणी तपासायला शिकत होती. हातात मावतात ती नव्हेत, बागेतली, लोखंडी. झोके, घसरगुंड्या, सी-सॉ, गोल फिरणारं चक्र.

आधी ताईचंच सांगते. ती एका मोठ्या बागेची प्रमुख होती. कागदोपत्री तिचा हुद्दा एका दमात वाचता येणार नाही इतका लांब होता, पण मुलं तिला शिट्टीबाई म्हणायची. झोक्यावर उभं राहिलं की शिट्टी, घसरगुंडी उलटी चढलं की शिट्टी, आणि फाटक बंद व्हायच्या आधी सगळ्या बागेला एक फेरी, फेरीभर शिट्टी. मी त्याच बागेतल्या उपाहारगृहात गल्ल्यावर बसते. एकदा वाऱ्यानं माझ्या हातातला बिस्किटाचा कागद उडाला आणि गवतावर जाऊन पडला, तर सख्ख्या बहिणीवरही तिनं शिट्टी फुंकली, चारचौघांत. मी रागानं दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

दाजी, म्हणजे तिचे यजमान, अगदी उलट. आवाज म्हणून नाही. ते बागखात्यात फिटर होते, सगळी खेळणी त्यांच्या हाताखालून गेलेली. तुमचं लग्न कसं जमलं असं कुणी विचारलं की ताई सांगायची, "हे घसरगुंडीखाली आडवे पडले होते, मला फक्त पाय दिसले. मी शिट्टी फुंकली, तर डोकं आपटून घेतलं बिचाऱ्यांनी." दाजी त्यावर नुसते हसायचे आणि डोक्यावरून हात फिरवायचे, जणू टेंगूळ अजून तिथंच आहे. त्यांना मूलबाळ झालं नाही. पंपघराच्या मागच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये ती दोघं राहायची, आणि दिवसभर अख्ख्या गावाची पोरं त्यांच्या अंगणात खेळायची.

दाजींची कामाची एक पद्धत होती. बागेतले नट-बोल्ट उन्हापावसात असतात, त्यांना गंज धरतो. असा नट सरळ आवळायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. "आधी सोडायचं, मग आवळायचं," ते सांगायचे. पान्यानं अर्धा फेरा मागं घ्यायचा, शिलाई मशीनला घालतात तसल्या बाटलीतून तेलाचा एक थेंब सोडायचा, आणि मग पुन्हा घट्ट करायचा. नाहीतर नट घट्ट बसलाय असं नुसतं वाटतं, खरं तर तो गंजावर अडलेला असतो. हे त्यांनी हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं. मलासुद्धा शिकवलं, बरणीच्या झाकणावर, आणि खोटं कशाला सांगू, झाकण निघालं.

निवृत्त झाल्यावरही दाजींची सकाळची फेरी सुटली नाही. खिशात पाना, दुसऱ्या खिशात तेलाची बाटली. एकेका खेळण्यापाशी जायचे, वाकायचे, हात फिरवायचे, मोठ्या झोक्यांसाठी माळ्याची शिडी घ्यायचे. खात्याला फुकटात माणूस मिळत होता, कोण कशाला हरकत घेतंय. त्यांच्या जागी आलेला कंत्राटी फिटर तर खूशच होता.

मग दाजी विसरायला लागले. सुरुवातीला ते आम्ही हसण्यावारी नेलं. माझ्याकडे येऊन चहा प्यायचे, गेल्यासारखे करायचे आणि परत येऊन म्हणायचे, "धाकटे, आज चहा नाही दिलास." मी पुन्हा द्यायची. मग एकदा ते चहाचा कप हातात घेऊन, याचं काय करायचं असतं, अशा नजरेनं माझ्याकडे बघत राहिले, तेव्हा मी आत जाऊन रडले. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि हे आता उतरतच जाणार हेही स्पष्ट सांगितलं.

पण बागेत त्यांचं निभावत होतं. बागेला कुंपण होतं, फाटकावरची सगळी माणसं ओळखीची होती, माळ्यापासून झाडूवालीपर्यंत प्रत्येकाचं लक्ष असायचं. आणि मुख्य म्हणजे फेरी होती. सकाळी उठले की पाय आपोआप झोक्यांकडे वळायचे, तिथून घसरगुंडी, तिथून चक्र, आणि चक्र झालं की समोर घराचं दार. डोक्यातून रस्ता गेला तरी पायांतून गेला नव्हता. आपण कोण, कुठले, हे त्यांना दुपारी सांगता यायचं नाही, पण सकाळी ते फिटर असायचे.

अशात ते नवं फर्मान आलं. कुठल्यातरी दुसऱ्या शहरात झोका तुटून एक मुलगी जबर जखमी झाली होती, त्यानंतर सगळीकडे धावपळ सुरू झाली. जिथं मुलांची खेळणी आहेत तिथल्या प्रमुखाकडे खेळणी तपासण्याचं प्रमाणपत्र हवंच. प्रशिक्षण घ्या, परीक्षा द्या, पास व्हा. नसेल जमत तर पगार तोच, पण बदली पाणीपट्टीच्या कचेरीत, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि क्वार्टर अर्थातच ज्याच्याकडे प्रमाणपत्र असेल त्याला. नियम वाईट होता असं मी म्हणणार नाही. म्हणावंसं फार वाटतं, पण म्हणणार नाही.

मी ताईला म्हटलं, "एवढं काय त्यात? माझ्याकडे या राहायला. खोली आहे."

"यांना जमेल?"

"न जमायला काय झालं? मी आहे ना."

तिनं आठवडाभर त्यांना माझ्याकडे आणून बघितलं. आठवडा कसला, मधेच गुंडाळावं लागलं. दाजी माझ्या घरात कपाटाचं दार उघडून कपड्यांकडे बघत उभे राहायचे, कारण त्यांना बाहेर जायचं असायचं. एके दुपारी माझा डोळा लागला तेवढ्यात ते खरंच बाहेर गेले. शोधून शोधून आमच्या नाकी नऊ आले. शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या एका इमारतीत ते सापडले, कुणातरी अनोळखी माणसाच्या दाराची बेल दाबत उभे. घाबरून कागदासारखे पांढरे पडले होते. ताईला बघितल्यावर तिचा हात त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि बागेत पोचेपर्यंत सोडला नाही.

त्या संध्याकाळी ताई मला म्हणाली, "मला ही परीक्षा पास व्हायलाच हवं. निवृत्तीपर्यंत क्वार्टर राहील. तोवर यांना काहीच कळेनासं होईल. मग कुठंही नेलं तरी चालेल."

इतकं कोरडं ती बोलली की मला तिचा राग आला. मग वाटलं, जिला रोज हे निस्तरायचंय तिनं कसं बोलावं हे मी कोण ठरवणार.

ताई अभ्यासाला लागली. प्रशिक्षणात निम्म्या वयाची मुलं-मुली तिच्या शेजारी बसायची. तिला एक लाकडी ठोकळा दिला होता, लहान मुलाच्या डोक्याच्या मापाचा. खेळण्याच्या कुठल्याही फटीत तो आत गेला आणि अडकला, तर ते खेळणं नापास. ठोकळा हाती आल्यावर ताईला दुसरं काही सुचेना. बागेतले कठडे झाले, बाकं झाली, माझ्या उपाहारगृहाच्या खिडकीचे गज झाले. "तुझी खिडकी नापास," मला म्हणाली. मी म्हटलं, "बाई, माझ्या खिडकीत डोकं घालायला येतंय कोण? उधारीवालेसुद्धा लांबूनच बोलतात." पण ती खरोखर रमली होती. किती उंचीवरून पडलं तर खाली किती मऊ जमीन हवी, साखळीची कडी किती झिजली की बदलायची, सगळं ती घडाघडा म्हणायची. दाजी समोर बसून ऐकायचे आणि मधूनच मान डोलवायचे. इतक्या वर्षांत ती दोघं एकाच विषयावर इतका वेळ बसलेली मी पहिल्यांदा बघत होते.

त्याच महिन्यांत कंत्राटी फिटर तक्रार घेऊन यायला लागला. नट सैल पडतात. आज सी-सॉचे, उद्या चक्राचे. आवळले की पुन्हा सैल. ताईचा संशय लगेच संध्याकाळी कट्ट्यावर बसणाऱ्या मोठ्या पोरांवर गेला. तिनं त्यांना फैलावर घेतलं, शिट्ट्या फुंकून फुंकून उठवलं, एकाच्या आईला बोलावून घेतलं. पोरं शपथा घेत होती, आम्ही हातसुद्धा लावला नाही. मीही ताईच्या बाजूनं दोन शब्द ऐकवले. पोरं यायची बंद झाली, पण नट सैल व्हायचे थांबले नाहीत.

लेखी परीक्षेत ताई चांगल्या गुणांनी पास झाली. आता शेवटचा भाग होता. परीक्षक येणार, आणि त्यांच्यासमोर ताईनं आपल्याच बागेतली सगळी खेळणी तपासून दाखवायची. परीक्षक म्हणून आली ती एक शांत, मध्यम वयाची बाई. कुचकट असती तर मला बरं वाटलं असतं, आता शिव्या द्यायला कुणीतरी मिळालं असतं. पण ती चांगली होती. माझ्याकडे चहा घेतला, कप स्वतः उचलून आणून ठेवला.

मी गल्ल्यावरून सगळं बघत होते. घसरगुंडी झाली, सी-सॉ झाला. मग दोघी मोठ्या झोक्यांपाशी आल्या. वरच्या आडव्या नळीला झोके जिथं लटकतात तिथले नट बघायला ताई शिडीवर चढली. आणि तिथंच थांबली. खाली परीक्षक बाई काहीतरी विचारत होती, ताई उत्तर देत नव्हती. मला वाटलं हिला चक्कर आली, मी गल्ला तसाच टाकून धावले.

ताईनं बोट नटावर फिरवून खाली धरलं होतं. बोटाला तेल लागलं होतं, ताजं. नट हातानं फिरेल इतका सैल होता. बाजूचाही तसाच. त्याच्या पलीकडचाही. प्रत्येकावर तेलाचा एकेक थेंब.

कट्ट्यावरची टवाळ पोरं नट सैल करतील, पण तेल घालायला जाणार नाहीत. ताईला कळलं, आणि तिच्या चेहऱ्याकडे बघून मलाही कळलं. दाजी अर्धा फेरा मागं घेत होते, थेंब सोडत होते, आणि तिथंच त्यांचं डोकं रिकामं होत होतं. ते पुढच्या नटाकडे जात होते. सोडायचं हातांच्या लक्षात राहिलं होतं. आवळायचं राहत नव्हतं.

"हे तेल कोण घालतं?" परीक्षक बाईनं विचारलं. सरळच विचारलं, आवाजात संशय नव्हता.

तिच्या जागी मी असते तर खोटं बोलले असते. आजही बोलेन. फिटर घालतो म्हणायचं, फिटरला नंतर समजावता आलं असतं. मी ताईला डोळ्यांनी खुणावलंही. पलीकडे वाळूत दोन लहान मुली खड्डा खणत बसल्या होत्या, झोके कधी मोकळे होतात याची वाट बघत. ताईनं त्यांच्याकडे बघितलं, मग शिडीवरून एकेक पायरी खाली आली.

"माझे यजमान घालतात," ती म्हणाली. "पूर्वी इथं फिटर होते. आता त्यांच्या लक्षात राहत नाही."

परीक्षक बाईनं हातातली वही मिटली. मग तिनं दाजींची चौकशी केली, आजार किती दिवसांचा, घरी आणखी कोण. तिच्या सासऱ्यांनाही तसलंच काहीतरी होतं म्हणे. शेवटी ती म्हणाली, "बाई, तुम्ही हे सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं. मी तुम्हाला पास करते आहे. पण इथून पुढं सही तुमची आहे. त्यांचा हात एकाही खेळण्याला लागता कामा नये. उद्या एखादं मूल वरून पडलं, तर ते तुम्हीच पाडलंत असं होईल."

"लागणार नाही," ताई म्हणाली.

तर असं माझ्या बहिणीला प्रमाणपत्र मिळालं. घर राहिलं. मी पेढे बिढे काही वाटले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईनं दाजींच्या खिशातून पाना आणि बाटली काढून घेतली. दाजी बालवाडीतल्या मुलासारखे उभे राहिले, खिशावर हात ठेवून. "अगं, कामावर जायचंय मला," ते म्हणाले. ताईनं समजावलं, नवीन माणूस आलाय, तो करतो. थोड्या वेळानं ते पुन्हा म्हणाले, "अगं, कामावर जायचंय." दिवसभर हेच. पाना नसला तरी ते फेरीला जायचे आणि नट नुसत्या बोटांनी फिरवायला बघायचे, नखं रक्ताळेपर्यंत. मग ताईला त्यांची फेरीच बंद करावी लागली. माळी त्यांना हाताला धरून परत आणायचा. ज्या माळ्याला त्यांनी हाताला धरून कामावर लावलं होतं, तोच.

मला एक युक्ती सुचली. सुताराकडून मी एक फळी करून घेतली, तिच्यावर नट-बोल्ट बसवून घेतले, आणि फळी दाजींच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, फिरवत बसतील, जीव रमेल. त्यांनी ती उलटीसुलटी केली. मागं बघितलं, कडेनं बघितलं.

"हे कशाला जोडलंय?" त्यांनी विचारलं.

"कशालाच नाही, दाजी. असंच आहे."

"मग आवळायचं कशासाठी?" असं म्हणून त्यांनी फळी अगदी जपून बाजूला ठेवली, दुसऱ्याची वस्तू ठेवावी तशी. मी ती घरी घेऊन गेले आणि चुलीत घातली असती, चूल असती तर.

त्यानंतर दाजी भराभर उतरले. डॉक्टर म्हणतात, ते होणारच होतं. असेल. पण सकाळी ते उठायचे आणि कुणीच नसायचे, हे मी डोळ्यांनी बघत होते. क्वार्टरच्या दाराबाहेरच्या बाकावर बसून राहायचे. समोर चक्र फिरायचं, मुलं ओरडायची, सगळं होतं तसं होतं, आणि दाजी बस यायची वाट बघणाऱ्या प्रवाशासारखे बसलेले. ज्या घरासाठी ताईनं एवढा आटापिटा केला, त्या घराकडे त्यांनी पाठ केलेली.

एका संध्याकाळी ताई फाटक बंद करायची फेरी संपवून आली. मी शटर ओढत होते. दाजी बाकावरून उठले आणि अदबीनं तिच्यासमोर उभे राहिले.

"बाई, बाग बंद होतेय ना? मला घरी जायचंय. जरा सोडता का?"

ताईनं माझ्याकडे बघितलं. इतक्या वर्षांच्या संसारात त्यांनी तिला कधी बाई म्हटलं नव्हतं. मला वाटलं आता ही कोसळते. पण तिनं शिट्टी पदराआड सारली आणि म्हणाली, "चला, सोडते की."

पुढच्या फाटकातून ती दोघं बाहेर पडली, कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेली, मागच्या फाटकातून आत आली आणि पंपघराला वळसा घालून क्वार्टरच्या दारात पोचली. "हे आलं घर," ताई म्हणाली. दाजी खूश झाले. "फार उपकार झाले," म्हणाले. मग ते रोजचंच झालं. कधीकधी मीही बरोबर जायची. ताई त्यांच्या कलानं चालायची, आणि वाटेत ते तिच्याशी गप्पा मारायचे, परक्या बाईशी माराव्यात तशा. खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्त बोलायचे.

परवा मी बरोबर होते. कुंपणापाशी दाजी एकदम म्हणाले, "माझी बायको इथंच कामाला होती."

"हो का?" ताई म्हणाली.

"फार कडक. पण मनानं चांगली. मला कधी उलट बोलली नाही." थोडं चालून झाल्यावर ते म्हणाले, "शेवटी शेवटी काय झालं तिला कुणास ठाऊक. माझं काम काढून घेतलं तिनं."

ताई चालत राहिली. माझ्या मनात आलं, या माणसाला स्वतःचं नाव धड सांगता येत नाही, बायको शेजारून चालतेय हे कळत नाही, आणि नेमकं हेच कसं राहिलं याच्या लक्षात?

"काही कारण असेल," शेवटी मीच म्हटलं.

"असेल. सांगितलंही असेल तिनं. माझ्या लक्षात राहत नाही हल्ली." दाजींचा आवाज तक्रारीचा नव्हता, नुसता दमलेला होता. "पण बाई, मी कधी एक नट सैल ठेवला नाही. पोरं बसतात त्यावर. तुम्ही तिला भेटलात तर एवढं सांगाल का?"

दार आलं होतं. ताईनं कुलूप काढलं, दिवा लावला, त्यांना खुर्चीवर बसवलं.

"सांगते," ती म्हणाली, आणि त्यांच्या चपला काढायला खाली वाकली.